एक जॉब, प्रिंटरपासून तपासणीपर्यंत

डिप्लोमाच्या मेकॅनिकल शाखेत मी शिकवतो आणि विद्यार्थ्यांना कारखान्यांत इंटर्नशिप मिळवून देण्याचे काम विभागात माझ्याकडे आहे. उन्हाळी परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी, आणि अलीकडे त्यांचे पालकही, साधारण एकच मागणी घेऊन येतात: शक्यतो थ्रीडी प्रिंटिंगची कंपनी बघा, लेथ-मिलिंगचे युनिट नको. या मागणीमागची भावना मला समजते. ज्या घरातल्या वडिलांनी किंवा काकांनी भोसरीत आयुष्यभर मशीनसमोर उभे राहून पाळ्या केल्या, त्या घराला मुलाने वेगळे काही करावे असे वाटणारच. तरीही अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग (म्हणजेच थ्रीडी प्रिंटिंग) आणि मशीनिंग (लेथ-मिलिंगवर धातू कापून आकार देणे) हे दोन स्वतंत्र रस्ते आहेत, एक नव्या काळाचा आणि दुसरा जुन्या काळाचा, ही समजूत मला मुळातूनच चुकीची वाटते. निदान धातूच्या बाबतीत तरी प्रिंटरमधून बाहेर आलेला भाग मशीनिंगशिवाय पुरा होत नाही, आणि म्हणून ज्या इंटर्नशिपमध्ये यांपैकी एकच बाजू दिसते ती इंटर्नशिप अर्धवट राहते.

हे जरा तपशिलाने सांगायला हवे. आयएसओ आणि एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थांच्या संयुक्त मानकाने थरावर थर रचून वस्तू घडवण्याच्या प्रक्रियांचे 7 गट केले आहेत. त्यांपैकी धातूसाठी सर्वाधिक वापरात असलेली पद्धत म्हणजे पावडर बेड फ्यूजन. धातूची बारीक पावडर, जिचे कण साधारण 15 ते 45 मायक्रॉनचे असतात, एका प्लेटवर पातळ थरात पसरवली जाते. लेझर त्या थरातला हवा तेवढाच भाग वितळवतो. प्लेट 30 ते 60 मायक्रॉन खाली जाते आणि पुन्हा पावडर पसरते. असे हजारो थर झाल्यावर जो भाग तयार होतो तो दिसायला पूर्ण असतो, पण त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो. त्याचा रफनेस, म्हणजे खरखरीतपणा, आरए या सरासरी मापात सर्वसाधारणपणे 5 ते 15 मायक्रॉनच्या आसपास येतो आणि मापे दशांश मिलिमीटरच्या अंतरात राहतात. आता 50 मि.मी. व्यासाच्या बेअरिंगच्या घराला एच 7 टॉलरन्स (मापातल्या चुकीची ठरलेली मुभा) द्यायचा असेल, तर वरची मुभा फक्त 0.025 मि.मी. आणि खालची शून्य. हे माप आजचा कोणताही धातूचा प्रिंटर थेट देत नाही. ते बोरिंग करूनच, म्हणजे भोक आतून कापून मोठे करूनच, मिळते. आटे, सीलिंगचे पृष्ठभाग, डॉवेलची (भाग नेमके जुळवणाऱ्या पिनांची) भोके हे सगळे प्रिंट झाल्यावर व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर) किंवा लेथवर जाते. म्हणजे प्रिंटिंगच्या कंपनीत जाणारा मुलगा मशीनिंगपासून सुटत नाही. उलट त्याला ते अधिक अवघड रूपात भेटते, कारण चौकोनी बार धरणे सोपे असते आणि वेडीवाकडी, पातळ भिंतींची प्रिंट केलेली वस्तू धरणे कठीण.

पुण्याइतकी या दोन्हींची सोय जवळजवळ असलेली शहरे आपल्याकडे थोडी आहेत. 1854 साली इथे सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाच्या नावातच 'मेकॅनिकल स्कूल' हे शब्द होते. त्याच संस्थेचे पुढे सीओईपी, म्हणजे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, झाले. 1946 मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आली, 1961 मध्ये भारत फोर्ज स्थापन झाली, मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि नंतर चाकण, तळेगाव, रांजणगाव असा पसारा वाढत गेला. मोठ्या वाहन कंपन्यांच्या भोवती जॉबवर्क करणारी लहान युनिटे, त्यांना साचे आणि फिक्स्चर (जॉब नेमका धरून ठेवणारी साधने) पुरवणाऱ्या टूलरूम, हीट ट्रीटमेंटवाले, ग्राइंडिंगवाले, वायरकटवाले (विजेच्या तारेने धातू कापणारे) अशी सगळी साखळी काही किलोमीटरच्या आत उभी राहिली. धातूचा प्रिंटर आज यातल्या थोड्याच ठिकाणी आहे. प्लास्टिकच्या तारेवर चालणारे लहान प्रिंटर मात्र साध्या युनिटांतही दिसू लागले आहेत. त्या पद्धतीचे मूळ पेटंट 2009 मध्ये संपले आणि त्यानंतर ही यंत्रे झपाट्याने स्वस्त होत गेली, हे त्यामागचे मोठे कारण.

नियमांचे थोडक्यात सांगतो, कारण पालकांचा त्यात गोंधळ होतो. तंत्रशिक्षण मंडळाच्या आय-स्कीममध्ये, म्हणजे आधीच्या अभ्यासक्रमात, डिप्लोमाच्या विद्यार्थ्याला 6 आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण होते. के-स्कीम या नंतरच्या अभ्यासक्रमात ते 12 आठवड्यांचे झाले आहे. हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्याला गुण आहेत. अप्रेंटिसशिप वेगळी. ती 1961 च्या कायद्याखाली, डिप्लोमा किंवा डिग्री पूर्ण झाल्यावर वर्षभरासाठी, कराराने आणि ठरलेल्या विद्यावेतनावर होते. पहिलीत आपण विद्यार्थी असतो, दुसरीत कायद्याने प्रशिक्षणार्थी. पहिली नीट झाली तर दुसरीसाठी दार उघडते, असा माझा अनुभव आहे.

सहावरून बारा आठवडे झाले ही माझ्या मते फार चांगली गोष्ट आहे, पण ती वाढलेल्या काळाचा उपयोग कसा होतो यावर अवलंबून आहे. सहा आठवड्यांत विद्यार्थी विभागांमधून फिरतो, चार दिवस इथे, चार दिवस तिथे, आणि सगळे पाहूनही काहीच त्याच्या हाती लागत नाही. बारा आठवड्यांत मात्र एक जॉब, म्हणजे बनवायची एक वस्तू, पहिल्या ड्रॉइंगपासून शेवटच्या तपासणी अहवालापर्यंत पूर्ण करता येतो. माझा आग्रह एवढ्याच एका गोष्टीचा आहे: विद्यार्थ्याला विभाग दाखवू नका, एक जॉब द्या आणि तो जॉब जिथे जिथे जाईल तिथे त्याला जाऊ द्या.

उदाहरण म्हणून इंजेक्शन मोल्डमधला (प्लास्टिकचे भाग घडवणाऱ्या साच्यातला) एक इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा वेगळा तुकडा, घेतो, कारण पुण्यातल्या वाहनांच्या प्लास्टिकच्या भागांमुळे हे काम इथे भरपूर आहे आणि त्यात दोन्ही विद्या एकत्र येतात. प्लास्टिकचा भाग साच्यात भरल्यावर तो थंड होण्यातच सायकलचा, म्हणजे एक भाग तयार होण्याचा, बहुतांश वेळ जातो. साच्यात पाणी खेळवण्यासाठी ड्रिलने पाडलेली भोके सरळच असतात, त्यामुळे वळणदार आकाराच्या काही जागा पाण्यापासून दूर राहतात, गरम राहतात आणि तिथे प्लास्टिक आत ओढले जाते किंवा भाग वाकतो. प्रिंट केलेल्या इन्सर्टमध्ये पाण्याचे मार्ग पृष्ठभागाच्या वळणाबरोबर, सारख्या अंतरावरून नेता येतात. हा झाला पुस्तकातला भाग. एखादा हुशार विद्यार्थी तो सेमिनारमध्ये छान सांगतो. पण तोच इन्सर्ट बनवायला घेतला की प्रश्नांची रांग लागते, आणि त्यातला प्रत्येक प्रश्न प्रिंटिंग आणि मशीनिंग यांच्या सांध्यावरचा असतो.

पहिला प्रश्न: संपूर्ण इन्सर्ट प्रिंट करायचा का? खालचा साधा चौकोनी भाग, ज्यात वळणदार मार्ग नाहीत, तो पावडरपासून बनवणे म्हणजे पैसे आणि तास वाया घालवणे. म्हणून अनेक टूलरूममध्ये खालचा भाग साध्या स्टीलमधून व्हीएमसीवर बनवतात आणि त्याच्यावरच पुढचा भाग प्रिंट करतात. मग दुसरा प्रश्न येतो: तो मशीन केलेला तळ प्रिंटरच्या प्लेटवर नेमका कुठे बसला आहे, हे लेझरला कसे कळणार? तळाची जागा दोन दशांश मिलिमीटरने जरी चुकली, तरी सांध्यावर पायरी येते आणि एका बाजूला फिनिशिंगसाठी ठेवलेला माल कमी पडतो. माल किती ठेवायचा हा तिसरा प्रश्न. साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात, पण कुठे ठेवायचा आणि कुठे नाही हे ठरवायला कोणता पृष्ठभाग कशाला भिडणार आहे ते माहीत असावे लागते, म्हणजे असेंब्लीचे ड्रॉइंग वाचता यावे लागते. चौथा प्रश्न पाण्याच्या मार्गांचा. आडवे गोल भोक साधारण 8 मि.मी. व्यासापर्यंत आधाराशिवाय प्रिंट होते, त्याहून मोठे असेल तर वरची कमान खचते; म्हणून मार्गाचा छेद पाण्याच्या थेंबासारखा, वर टोकदार करतात. शिवाय त्या मार्गांत अडकलेली सैल पावडर हीट ट्रीटमेंटच्या आधीच पूर्ण बाहेर काढावी लागते, कारण भट्टीत ती आतच घट्ट बसली तर मार्ग कायमचा बंद.

या कामासाठी बहुतेक वेळा मॅरेजिंग स्टील (भट्टीत ठेवून कठीण होणारे मिश्र पोलाद) वापरतात. प्रिंट झाल्यावर त्याची कठिणता रॉकवेल सी मापावर 35 च्या आसपास असते आणि 490 अंश सेल्सिअसला साधारण 6 तास ठेवल्यावर ती 50 च्या वर जाते. याचा अर्थ जड मशीनिंग आधी, मऊ असताना उरकायचे, आणि ग्राइंडिंग, स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणे) अशी शेवटची कामे नंतर. भट्टीत जॉब किंचित आकसतो, तेही धरून चालावे लागते. हा क्रम फळ्यावर लिहून पाठ होईल, पण लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो आपल्या डोळ्यांदेखत झालेल्या निर्णयातून. माझ्या एका विद्यार्थ्याला टूलरूममधल्या ज्येष्ठ सेटरांनी (मशीन कामासाठी लावून देणाऱ्यांनी) विचारले होते, "ही चार भोके आत्ता मारायची की भट्टीतून आल्यावर, सांग बरं." त्याने उत्तर द्यायला अर्धा दिवस घेतला, प्रक्रिया-पत्रक पुन्हा वाचले, आणि परत आल्यावर भोकांपैकी दोन आधी आणि डॉवेलची दोन नंतर असे सांगितले. तोंडी परीक्षेत तो मुलगा ज्या आत्मविश्वासाने बोलला, तो मला आमच्या सर्वोत्तम गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांमध्येही क्वचित दिसला आहे.

अंतर्गत ताणाचा धडाही असाच आहे. लेझरने वितळून क्षणात गोठलेल्या थरांमध्ये ताण साठून राहतो. भाग प्लेटला जोडलेला असतो तोवर तो दिसत नाही. ताण घालवण्यासाठी आधी भट्टीत न ठेवता वायरकटने भाग कापला, तर कापल्याबरोबर त्याच्या कडा वर उचलल्या जातात. आधी भट्टी, मग वायरकट: हा नियम का आहे ते वाकलेला रिजेक्ट भाग हातात घेऊन समजावून सांगणारा माणूस भेटला, तर विद्यार्थ्याला धातुशास्त्राचा एक संपूर्ण धडा दहा मिनिटांत कळतो. म्हणून मी कंपन्यांना विनंती करतो की रिजेक्ट झालेले भाग लगेच भंगारात टाकू नका, त्यांतले काही प्रशिक्षणार्थींसाठी बाजूला ठेवा.

आणि डेटम, म्हणजे जिथून सगळी मापे घ्यायची तो आधाराचा पृष्ठभाग. संपूर्ण भाग प्रिंटरमधूनच आलेला असेल तर त्याच्यावर एकही सपाट, विश्वासार्ह पृष्ठभाग नसतो. व्हीएमसीवर झिरो कुठून घ्यायचा? डायल कशावर फिरवायची? व्हाइसमध्ये आवळला तर पातळ भिंती दबतात. सैल धरला तर टूल लागताच थरथरतो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. यावर उपाय डिझाइनच्या वेळीच करावा लागतो: धरण्यासाठी आणि माप घेण्यासाठी जास्तीचे पॅड भागावरच प्रिंट करायचे आणि काम झाल्यावर ते काढून टाकायचे. कॅडसमोर बसणाऱ्याला हे तेव्हाच सुचते जेव्हा त्याने कधीतरी जॉब स्वतः बांधलेला असतो. धातूच्या प्रिंटिंगसाठी डिझाइन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी काही आठवडे मशीनिंगच्या फ्लोअरवर काढावेत असे मी म्हणतो, ते याच कारणासाठी. सॉफ्टवेअर शिकायला नंतरही वेळ मिळतो, हा अनुभव मात्र नोकरीच्या धावपळीत क्वचितच मिळतो.

मशीनिंगच्या फ्लोअरवर तरी काय शिकायचे? सूत्रे मुलांना येतात. 50 मि.मी. व्यासाचा जॉब आणि मिनिटाला 200 मीटर कटिंग स्पीड म्हटले की फेरे सुमारे 1270 येतात, हे कोणीही सांगेल. पण ऑपरेटर तोच जॉब 900 फेऱ्यांवर का चालवत आहेत? जॉब चकच्या (लेथवर जॉब पकडणाऱ्या भागाच्या) बाहेर फार लांब आला आहे म्हणून, की टूलच्या टोकाला बसवलेल्या कापणाऱ्या इन्सर्टचा ग्रेड वेगळा आहे म्हणून, की त्या मशीनचा स्पिंडल वरच्या फेऱ्यांवर आवाज करतो म्हणून? हे विचारण्याची सवय लागणे ही इंटर्नशिपमधली खरी कमाई आहे. टूलची लांबी मशीनच्या ऑफसेटमध्ये भरणे, जी 54 या कोडमध्ये जॉबचा झिरो घेणे, पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ थांबत) आणि रॅपिड (टूलची वेगवान हालचाल) कमी ठेवून चालवणे, पहिल्या पीसची सगळी मापे तपासून मगच पुढे जाणे, ही कामे महिनाभर रोज पाहिली आणि थोडीफार केली की नजर बसते.

मापनाबद्दल मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण इंटर्नशिपमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडे होते. मापांचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये जॉब सहज 35 अंशांवर असतो. अ‍ॅल्युमिनिअम प्रत्येक अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढते. म्हणजे 200 मि.मी. लांबीचा अ‍ॅल्युमिनिअमचा भाग 15 अंशांच्या फरकाने जवळजवळ 70 मायक्रॉन लांब भरतो. फ्लोअरवर घेतलेले माप आणि वातानुकूलित खोलीतल्या सीएमएमचे (भागाची मापे अचूक घेणाऱ्या यंत्राचे) माप जुळत नाही, आणि मग कोणाचे बरोबर यावरून वाद होतो. विद्यार्थ्याला एकच भाग सकाळी पाळी सुरू होताना, दुपारी आणि सीएमएमच्या खोलीत काही तास ठेवल्यावर असा तीनदा मोजायला सांगा. याला खर्च शून्य आहे, कोणतेही मशीन अडत नाही, आणि यानंतर तो आयुष्यात कधी घाईने माप घेणार नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते तेही लिहायला हवे. एका युनिटने आमच्या विद्यार्थ्यांना जवळजवळ पूर्ण काळ बर (कापल्यावर कडेला राहिलेली धारदार कोर) काढण्याच्या आणि पॅकिंगच्या टेबलावर बसवून ठेवले आणि शेवटी प्रमाणपत्रावर 'सीएनसी मशीनिंगचा अनुभव' असे लिहून दिले. प्रिंटिंगच्या एका ठिकाणी याहून वेगळे झाले नाही: मुलगा रोज पक्कड घेऊन सपोर्ट (प्रिंट होताना भागाला दिलेले तात्पुरते आधार) तोडत राहिला, प्रिंटरचा स्क्रीन त्याला दुरूनच दिसला. बर काढणे किंवा सपोर्ट तोडणे हे काम कमी प्रतीचे नाही. सपोर्ट तोडताना तो कुठे घट्ट लागला आहे हे हाताला समजते आणि पुढच्या वेळी भाग कोणत्या कोनात ठेवायचा ते कळते. पण तेवढेच काम, कोणी काही न सांगता, आठवडेच्या आठवडे करायला लावणे ही फसवणूक आहे, आणि त्यावर खोटे प्रमाणपत्र देणे ही दुहेरी फसवणूक. अशा प्रमाणपत्राने मुलगा मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच उघडा पडतो आणि त्याचा स्वतःवरचा विश्वास जातो. याचा मला मनापासून राग येतो.

तरीही मालकांची बाजू मी समजून घेतो. नवख्याच्या हातून मशीन ठोकली गेली तर स्पिंडलचा खर्च लहान युनिटचा महिन्याचा नफा खाऊन टाकतो. डिलिव्हरीचा तगादा असतो, सेटरला शिकवायला वेळ नसतो, आणि ग्राहकाचे ड्रॉइंग बाहेरच्या मुलाच्या हाती देता येत नाही. या तिन्ही अडचणींवर मला सापडलेला एक मार्ग असा: विद्यार्थ्याला ग्राहकाचा जॉब देऊ नका, कारखान्याला स्वतःसाठी लागणारी एखादी वस्तू द्या. प्रत्येक फ्लोअरवर अशी एखादी गरज पडून असतेच. एखादे तपासणी फिक्स्चर हवे असते, पातळ जॉब धरण्यासाठी त्याच्या आकाराचे सॉफ्ट जॉज (पकडणारे मऊ जबडे) हवे असतात, टूल ठेवण्याची नीट ट्रे हवी असते. त्यात गुप्ततेचा प्रश्न नाही, डिलिव्हरीची तारीख नाही, आणि चुकले तर फारसे नुकसान नाही.

भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये आमच्या दोन विद्यार्थ्यांनी असेच एक तपासणी फिक्स्चर केले. पहिले त्यांनी प्लास्टिकच्या प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये बनवले आणि ते उत्तम बसले. पण शेडच्या खिडकीपाशी, उन्हात ठेवल्यावर काही दिवसांतच ते वाकले, कारण पीएलए 60 अंशांच्या सुमाराला मऊ पडू लागते आणि त्याआधीही सतत दाबाखाली हळूहळू सरकते. मग त्यांनी साहित्य बदलले, जिथे जॉब टेकतो तिथे स्टीलच्या पिना आणि बुश बसवायचे ठरवले, बुशची (भोकात बसवायच्या नळीची) भोके कमी मापात प्रिंट करून रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या टूलने) पूर्ण केली, आणि बुश स्वतः लेथवर बनवले. एवढ्याशा फिक्स्चरमध्ये साहित्याची निवड, फिट, टॉलरन्स, टर्निंग आणि मापन सगळे आले. ते फिक्स्चर त्या युनिटमध्ये पुढेही वापरात राहिले, आणि मालकांनी पुढच्या वर्षी आपणहून विद्यार्थी मागितले.

सुरक्षिततेचा विषय मी पहिल्याच दिवशी घेतो, कारण दोन्ही विभागांचे नियम काही बाबतींत एकमेकांच्या उलट आहेत. फिरणाऱ्या लेथजवळ हातमोजे घालणे धोक्याचे. हातमोजा चकमध्ये अडकला तर हात ओढला जातो. पावडरच्या टेबलावर मात्र हातमोजे आणि योग्य मास्क सक्तीचे, कारण ते कण त्वचेला लागू नयेत आणि फुप्फुसात जाऊ नयेत. लेथवरची आग आणि पावडरची आग हाताळण्याची रीतही वेगळी. अ‍ॅल्युमिनिअम आणि टायटॅनिअमची बारीक पावडर ठिणगीने पेटू शकते, हवेत उडाली तर स्फोटही होऊ शकतो, आणि तिच्यावर पाणी टाकणे अत्यंत घातक; तिथे धातूच्या आगीसाठीचे, डी वर्गाचे अग्निशामक लागते. धातूच्या प्रिंटरमध्ये वापरल्या जाणाऱ्या आर्गॉन वायूला रंग नाही, वास नाही, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. बंद खोलीत ऑक्सिजन मोजणारे यंत्र बसवले आहे का हे विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे. मनगटावरचा गंडा, कडे, अंगठी, ओढणी, सैल बाही आणि मोकळे केस यांपैकी काहीही मशीनजवळ नको. श्रद्धेचा मान ठेवून मी मुलांना सांगतो की पाळीपुरता दोरा काढून खिशात ठेवा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. फोनवर अनेकदा विचारले जाते, "सर, मुलगे आहेत का?" कारण विचारले तर पाळ्यांचे, स्वच्छतागृहाचे, येण्याजाण्याचे सांगतात. यांतल्या अडचणी खऱ्या आहेत. चाकणच्या आतल्या भागात बसने वेळेवर पोहोचणे मुलांनाही जड जाते. पण पहिली पाळी देणे, स्वच्छ स्वच्छतागृह असणे आणि एका जबाबदार माणसाचे नाव आधी कळवणे एवढ्याने बहुतेक प्रश्न सुटतात. ज्या युनिटांनी हे केले, तिथे आमच्या मुलींनी सीएमएमवर, प्रोग्रामिंगमध्ये आणि सेटिंगमध्येही चोख काम केले आहे. त्यांना फक्त ऑफिसात कॅडसमोर बसवण्याची प्रवृत्ती मला मान्य नाही, कारण जॉब बांधण्याचा जो अनुभव डिझाइनला लागतो असे मी वर म्हटले, तो मग त्यांना मिळतच नाही.

डायरीबद्दल. दरवर्षी इंटरनेटवरून उतरवलेले, कंपनीच्या इतिहासाने सुरू होणारे अहवाल येतात. आम्ही आता तसा अहवाल स्वीकारत नाही. रोजच्या पानावर त्या दिवशी पाहिलेल्या किंवा केलेल्या एका कामाचे आकडे हवेत: कोणते मशीन, कोणते साहित्य, कोणता इन्सर्ट, किती फेरे, किती फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग), ड्रॉइंगवर माप काय आणि प्रत्यक्ष भरले काय, प्रिंटिंग असेल तर थराची जाडी, भाग कोणत्या कोनात ठेवला, सपोर्ट कुठे दिले आणि काढताना काय झाले. ज्या दिवशी काही कळले नाही, त्या दिवशी न कळलेला प्रश्न लिहायचा. पुढे त्या प्रश्नांखाली वेगळ्या शाईत उत्तरे आलेली दिसली, तर मी समजतो की मुलगा किंवा मुलगी खरोखर तिथे होती.

केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये अ‍ॅडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंगचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, त्यात 1 लाख कुशल माणसे तयार करण्याचे उद्दिष्ट होते. असे मनुष्यबळ वर्गात तयार होत नाही. त्यातला मोठा वाटा भोसरी-चाकणसारख्या ठिकाणच्या मध्यम आणि लहान युनिटांनाच उचलावा लागेल. त्यांच्यासाठी एक उपयोगी माहिती: अप्रेंटिस घेणे 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना बंधनकारक आहे, पण 4 ते 29 माणसे असलेल्यांनाही स्वेच्छेने घेता येतात, आणि डिप्लोमा व डिग्रीवाल्यांच्या राष्ट्रीय योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देते. म्हणजे बारा आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये पारखलेला विद्यार्थी पुढे वर्षभर ठेवून घेणे लहान मालकालाही परवडू शकते. तेव्हा त्याला मशीनचा आवाज ओळखायला पुन्हा सुरुवातीपासून शिकवावे लागत नाही.

येत्या हंगामासाठी आम्ही कंपन्यांना पाठवायचे पत्र एका पानाचे केले आहे. त्यात तीनच गोष्टी विचारल्या आहेत: विद्यार्थ्याला पूर्ण करायला कोणता एक जॉब किंवा फिक्स्चर देता येईल, त्याची शंका ऐकणारे एक ज्येष्ठ ऑपरेटर किंवा सेटर कोण असतील, आणि तो स्वतः मापे कोणत्या उपकरणांनी घेऊ शकेल. ज्या कंपनीत धातूचा प्रिंटर नाही, तिने संकोच करण्याचे कारण नाही. जवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून मशीनिंगसाठी आलेला एखादा भाग, त्याच्या परवानगीने, विद्यार्थ्याला बांधायला आणि मोजायला दिला तरी चालेल; आणि प्रिंटिंगच्या कंपनीने आपल्या प्रशिक्षणार्थीला तोच भाग घेऊन आठवडाभर त्या मशीनिंगच्या युनिटमध्ये पाठवावे, अशी तरतूद पत्रात आम्ही मुद्दाम केली आहे. हाजिरी दोन्हीकडची धरली जाईल.